नैराश्यावरील औषधे आणि देहभाराचा प्रश्न

१९५२ साली न्यू यॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील सी व्ह्यू या क्षयरुग्णालयात आयप्रोनियाझिड नावाचे नवे औषध वापरात आले, तेव्हा जे रोगी महिनोन्महिने अंथरुणाला खिळून, अन्नावरची वासना उडालेल्या अवस्थेत पडून होते, ते उठून बसू लागले, परस्परांशी हसूबोलू लागले, ताटात अधिक वाढावयास सांगू लागले, आणि पाहता पाहता त्यांच्या अंगावर मांस चढू लागले. त्या काळी क्षयरोग्याचे वजन वाढणे ही प्रकृतीस उतार पडल्याची सर्वांत विश्वसनीय खूण मानली जात असे. आपल्याकडे मिरजेच्या किंवा पाचगणीच्या आरोग्यधामांतून पडून राहिलेल्या माणसांच्या घरी आलेल्या पत्रांत वजनाची वार्ता अग्रक्रमाने असे, हे जुन्या पिढीतील वाचकांस सांगावयास नको. पुढे १९५७ साली नेथन क्लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच औषध क्षयाची बाधा नसलेल्या, पण नैराश्याने ग्रासलेल्या रुग्णांस देऊन पाहिले. त्याच सुमारास स्वित्झर्लंडमधील म्युन्स्टरलिंगेन येथे रोलांड कून यांनी इमिप्रामिनचा गुण नोंदविला. आणि ज्यांस आपण आज सरसकट ‘डिप्रेशनच्या गोळ्या’ म्हणतो, त्या औषधांच्या परंपरेचा आरंभ झाला. म्हणजे वजनाशी या औषधांचे नाते त्यांच्या जन्मापासूनचे आहे. फरक पडला तो इतकाच की, क्षयरोग्याच्या बाबतीत जी गोष्ट जमेच्या बाजूस मांडली गेली, तीच नैराश्याच्या रुग्णाच्या बाबतीत त्याच्या नव्या दुःखाचे कारण होऊन बसली.

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे आढळून आले की, आपल्या देशातील प्रौढांपैकी सुमारे वीस जणांमागे एकास आयुष्यात केव्हा ना केव्हा नैराश्याच्या विकाराने गाठलेले असते, आणि अशा सामान्य मनोविकारांनी पीडित असणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक उपचारांपर्यंत पोहोचतच नाहीत. जे थोडे पोहोचतात, ते घरातील विरोध, शेजाऱ्यांची कुजबूज आणि स्वतःच्या मनातील लज्जा यांचा अडसर ओलांडून पोहोचलेले असतात. अशा रुग्णास चार-सहा महिन्यांनी झोप लागू लागावी, कामात चित्त लागू लागावे, आणि त्याच वेळी जुने कपडे अंगास होईनासे व्हावेत, आरशासमोर उभे राहण्याचा कंटाळा यावा, ही अवस्था दुरून वाटते तितकी क्षुल्लक नाही. या प्रश्नावर गेल्या काही दशकांत पुष्कळ संशोधन झाले आहे. परंतु त्यातील निष्कर्ष मराठी रुग्णाच्या आणि त्याच्या कुटुंबाच्या हाती क्वचितच पडतात, आणि त्यांची जागा एकीकडे ‘या गोळ्यांनी माणूस फुगतो’ अशा सरधोपट भयाने, तर दुसरीकडे ‘वजनाचे काय घेऊन बसलात, आधी मन सांभाळा’ अशा उपेक्षेने घेतलेली असते. माझ्या मते या दोन्ही भूमिका रुग्णाचे सारखेच नुकसान करतात. वजनाचा विचार हा उपचारांचाच एक विभाग असून त्यास पहिल्या चिठ्ठीच्या दिवसापासून स्थान मिळाले पाहिजे.

प्रथम प्रमाणाचा प्रश्न घेऊ. वजन खरोखर किती वाढते? ब्रिटनमधील कौटुंबिक डॉक्टरांच्या दप्तरांत नोंदलेल्या जवळजवळ तीन लाख व्यक्तींच्या माहितीचे विश्लेषण २०१८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ही औषधे न घेणाऱ्या शंभर माणसांपैकी एका वर्षात सुमारे आठ जणांचे वजन मूळच्या पाच टक्क्यांनी किंवा त्याहून अधिक वाढल्याचे दिसले, तर औषधे घेणाऱ्यांत हे प्रमाण अकरांच्या थोडे वर होते. वय, पूर्वीचे वजन, इतर व्याधी इत्यादि भेदांची वजावट केल्यावर औषध घेणाऱ्यांतील धोका सुमारे एकवीस टक्क्यांनी अधिक ठरला. या अभ्यासातील सर्वांत मोलाचा भाग, माझ्या समजुतीप्रमाणे, हा आकडा नसून त्याची कालक्रमाने केलेली विभागणी हा आहे: वाढीचा धोका पहिल्या काही आठवड्यांत नव्हे, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी सर्वांत अधिक होता, आणि पुढेही काही वर्षे तो टिकून राहिला. आपल्याकडे रुग्ण आणि डॉक्टर यांची या विषयावर जी काही बोलाचाली होते, ती बहुधा पहिल्या एक-दोन भेटींतच होते. म्हणजे जेव्हा लक्ष ठेवण्याची गरज वाढते, तेव्हाच ते ढिले पडलेले असते.

औषधाऔषधांतील तारतम्य हा याहूनही अधिक उपयोगाचा विषय. जुन्या औषधांपैकी अमिट्रिप्टिलिन, आणि नंतरच्यांपैकी मिर्टाझापिन व पॅरोक्सेटिन ही वजन वाढविण्याच्या बाबतीत पुढे आहेत, याविषयी संशोधकांत फारसा मतभेद राहिलेला नाही. फ्लुऑक्सेटिनने आरंभी वजन किंचित उतरते, आणि ब्युप्रोपिऑनने ते उतरण्याचा किंवा स्थिर राहण्याचा संभव अधिक असतो. अमेरिकेतील आठ आरोग्यसंस्थांच्या नोंदींतून एक लाख त्र्याऐंशी हजारांवर रुग्णांची तुलना करणारा एक अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्यात सर्ट्रालिन हे औषध मापाचा आधार धरून इतर औषधे त्याच्या शेजारी ठेवण्यात आली. सहा महिन्यांच्या अखेरीस एस्सिटालोप्रॅम घेणाऱ्यांचे वजन सर्ट्रालिन घेणाऱ्यांपेक्षा सरासरीने ०.४१ किलो, पॅरोक्सेटिन घेणाऱ्यांचे ०.३७ किलो आणि ड्युलॉक्सेटिन घेणाऱ्यांचे ०.३४ किलो अधिक भरले; ब्युप्रोपिऑन घेणाऱ्यांचे मात्र ०.२२ किलोने कमी भरले. आपल्याकडे एस्सिटालोप्रॅमची चिठ्ठी किती सहजपणे लिहिली जाते हे ज्यांस ठाऊक आहे, त्यांनी या क्रमवारीकडे विशेष लक्ष द्यावे. मात्र हे आकडे पाहून कोणासही असे वाटेल की, अर्ध्या किलोसाठी एवढा गहजब कशाला?

येथेच सरासरीचा आकडा दिशाभूल करतो. शंभर रुग्णांपैकी बहुतेकांच्या वजनात काहीच फरक पडला नाही, काहींचे थोडे उतरले, आणि पंधरा-वीस जणांचे सहा-सात किलोंनी वाढले, तरी सरासरी अल्पच दिसते. पण त्या पंधरा-वीस जणांच्या दृष्टीने त्या सरासरीस काय अर्थ आहे? २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक चाचणीत सहा ते आठ महिने औषध घेतलेल्यांपैकी मूळ वजनाच्या सात टक्क्यांहून अधिक वाढ झालेल्यांचे प्रमाण पॅरोक्सेटिनच्या गटात चौघांत एक, फ्लुऑक्सेटिनच्या गटात शंभरांत सात आणि सर्ट्रालिनच्या गटात शंभरांत चार असे निघाले. साठ किलोंच्या माणसास सात टक्के म्हणजे चार किलोंच्या वर. तेव्हा ‘साधारणपणे फारसे वजन वाढत नाही’ हे डॉक्टरांचे विधान खरे असूनही, समोर बसलेल्या रुग्णाची ‘माझे तर वाढले’ ही तक्रारही तितकीच खरी असू शकते. आणि पहिल्या विधानाच्या आधारे दुसऱ्याची बोळवण करण्याचा अधिकार कोणासही पोहोचत नाही.

याच्या उलट बाजूस आणखी एक निष्कर्ष ठेवणे न्यायाचे होईल. फ्लुऑक्सेटिनने बरे वाटू लागलेल्या रुग्णांची विभागणी करून काहींस तेच औषध आणि काहींस औषधाचा अंश नसलेली गोळी पुढे चालू ठेवण्याची जी चाचणी १९९९ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात वर्षअखेर दोन्ही गटांचे वजन जवळजवळ सारखेच, म्हणजे तीन किलोंच्या आसपास, वाढलेले आढळले. ज्यांच्या पोटात पुढे औषध गेले नाही त्यांचेही वजन वाढले, याचा अर्थ उघड आहे. आजारात गेलेली भूक परतली, अन्नास पुन्हा चव आली, आणि शरीराने गमावलेले वसूल केले. तेव्हा प्रत्येक किलोचा आरोप गोळीवर ठेवण्यापूर्वी, आजार सुरू होण्याच्या आधी आपले वजन किती होते, याचा दाखला शोधून पाहावा. पुष्कळदा असे दिसेल की, वाढ म्हणून जिची धास्ती घेतली, ती अंशतः परतफेडच होती.

आता कारणांकडे वळू; त्यांचा विस्तार मी करणार नाही, कारण त्यांपैकी काही अद्याप संशोधनाधीन आहेत. मेंदूत हिस्टामिन नावाचे जे द्रव्य जागृती आणि तृप्ती यांच्या नियमनात भाग घेते, त्याचे कार्य मिर्टाझापिन आणि अमिट्रिप्टिलिन अडवून धरतात. त्यामुळे झोप येते, आणि तिच्याबरोबरच भूकही चाळवते. सिरोटोनिनच्या ज्या एका विशिष्ट ग्राहकामार्फत पोट भरल्याची जाणीव मेंदूस पोहोचते, त्यासही मिर्टाझापिनची बाधा होते. जुन्या औषधांनी तोंडाला कोरड पडते, आणि ती घालविण्यासाठी माणूस सरबत, शीतपेये, गोड चहा यांचा आश्रय घेतो. ही वाट डॉक्टरांच्या ध्यानी क्वचितच येते, परंतु दिवसाकाठी तीन-चार पेले सरबत ही काही थोडी भर नव्हे. गोड पदार्थांची ओढ वाढल्याचे अनेक रुग्ण सांगतात. दिवसा गुंगी राहिल्याने हालचाल मंदावते, ते वेगळेच. यांपैकी कोणते कारण एखाद्या रुग्णात प्रबळ आहे, हे त्याची दिनचर्या विचारल्याशिवाय कळणार नाही.

आणि खुद्द आजाराचा वाटा? नैराश्याच्या एका प्रकारात भूक मरत नाही, उलट वाढते. माणूस अधिक झोपतो, अधिक खातो, आणि औषध सुरू होण्यापूर्वीच त्याचे वजन चढू लागलेले असते. अनेक दीर्घकालीन अभ्यासांचा एकत्र विचार करणाऱ्या २०१० सालच्या एका परीक्षणात असे दिसून आले की, नैराश्यग्रस्तांस पुढे स्थूलता येण्याचा संभव इतरांहून ५८ टक्क्यांनी, आणि स्थूल माणसांस पुढे नैराश्य येण्याचा संभव ५५ टक्क्यांनी अधिक असतो. दोन्ही व्याधी परस्परांस हात देतात. यात थायरॉइडच्या मंदपणाची गोष्ट विसरून चालणार नाही: त्याने मनही खिन्न होते आणि वजनही वाढते, आणि रक्ताची एक साधी तपासणी न केल्यामुळे वर्षानुवर्षे दोहोंचा दोष भलतीकडेच जातो.

या साऱ्या चर्चेस आपल्याकडे एक निराळे परिमाण आहे, आणि त्याचा शोध पुण्यात लागला, म्हणून त्याविषयी किंचित विस्ताराने लिहितो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवती स्त्रियांचा आणि त्यांच्या अपत्यांचा जो दीर्घ अभ्यास चालविला, त्यातून असे निष्पन्न झाले की, आपल्याकडील नवजात अर्भक युरोपीय अर्भकापेक्षा वजनाने पुष्कळच हलके असते, तथापि त्याच्या शरीरातील चरबीचे प्रमाण त्या मानाने घटलेले नसते. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचे आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी उभे असलेले एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. उंची आणि वजन यांच्या प्रमाणावरून काढलेला दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! दिसावयास दोघेही सडपातळ. याचा आपल्या विषयाशी संबंध असा की, पाश्चात्त्य देशांतील अभ्यासांत जी पाच किलोंची वाढ केवळ अवजड वाटते, ती आपल्या शरीरात, विशेषतः पोटावर साचली असता, मधुमेहाच्या उंबरठ्यापर्यंत नेऊन सोडणारी ठरू शकते. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआयची अतिवजनाची मर्यादा २३ आणि स्थूलतेची २५ अशी खाली आणण्यात आली. पुरुषांच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटर यांच्या पुढे गेला, की सावध व्हावे असा दंडक ठरला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत आपल्या देशातील मधुमेहींचे प्रमाण प्रौढांत ११.४ टक्के आढळले. ज्याच्या आईवडिलांस मधुमेह आहे, अशा रुग्णास मिर्टाझापिन लिहून देताना या गोष्टी डॉक्टरांच्या मनात असल्याच पाहिजेत. आणि मोजावयाचे ते केवळ वजन नव्हे, कंबरही मोजावी, असा माझा आग्रह आहे.

वजनाच्या भयाचा सर्वांत घातक परिणाम वजनाच्या काट्यावर दिसत नाही. तो दिसतो औषधाच्या डबीत. रुग्ण कोणासही न सांगता एक दिवसाआड गोळी घेऊ लागतो, मग अर्धी करतो, मग एखाद्या लग्नकार्याच्या गर्दीत ती सुटते ती कायमची. पॅरोक्सेटिन किंवा व्हेन्लाफॅक्सिन अशा रीतीने एकाएकी थांबविले, म्हणजे भोवळ, मळमळ, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी संवेदना, अकारण रडू कोसळणे, अशी लक्षणे दोन-चार दिवसांतच उद्भवतात; ती पाहून घरचे लोक समजतात की ‘सवय लागली होती’, आणि औषधाविषयीची त्यांची भीती अधिकच पक्की होते. त्याहून गंभीर गोष्ट आजाराच्या पुनरागमनाची. ब्रिटनमध्ये दीर्घकाळ औषध घेऊन बरे असलेल्या ४७८ रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ज्यांचे औषध क्रमाक्रमाने, पद्धतशीरपणे बंद केले त्यांच्यापैकी ५६ टक्के वर्षभरात पुन्हा आजारी पडले. औषध चालू ठेवलेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू बंद करूनही जर ही गत, तर चोरून आणि एकाएकी बंद करणाऱ्याचे काय होत असेल, याची कल्पना करावी. ज्यांच्या आजारात जिवाचे बरेवाईट करून घेण्याचे विचार येऊन गेलेले आहेत, त्यांच्या बाबतीत तर हा प्रश्न जीवनमरणाचा आहे, आणि तेथे चार किलोंची तुलना करण्यास जागाच नाही. तथापि अशा रुग्णासही आपली तक्रार मांडण्याची मुभा हवी; किंबहुना त्यालाच ती सर्वांत अधिक हवी, कारण ज्याची तक्रार ऐकली जाते, तोच गोळी सोडण्यापूर्वी विचारावयास येतो.

तेव्हा करावे काय? पहिला उपाय औषध सुरू होण्यापूर्वीचा आहे. ज्या रुग्णाची भूक आणि झोप दोन्ही गेली आहेत, जो हडकला आहे, त्याच्यासाठी मिर्टाझापिन हे अत्यंत योग्य औषध ठरू शकते. आणि ज्यास मुळातच स्थूलता किंवा मधुमेह आहे, त्याच्यासाठी सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन किंवा ब्युप्रोपिऑन यांचा विचार आधी व्हावा. ब्युप्रोपिऑनलाही मर्यादा आहेत: ज्यास फेपरे येते, किंवा ज्यास अतिखादाडीनंतर ओकारी काढण्याचा अथवा अन्नच टाकण्याचा विकार आहे, त्यास ते देता येत नाही. कोणत्याही औषधाने काम केले नाही, तर ते वजनाच्या दृष्टीने कितीही निर्दोष असो, रुग्णाच्या उपयोगाचे नाही, हेही ध्यानात ठेवावयास हवे. येथे एक सूचना रुग्णांसाठी. आपल्या चिठ्ठीत एकाहून अधिक औषधे असल्यास, कोणते कशासाठी आहे, हे विचारून घ्यावे; कारण नैराश्यावरील गोळीच्या जोडीला झोपेसाठी किंवा अस्वस्थतेसाठी म्हणून पुष्कळदा ओलान्झापिन किंवा क्वेटियापिन अल्प मात्रेत दिलेले असते, आणि वजन वाढविण्याची ओलान्झापिनची शक्ती वर सांगितलेल्या सर्व औषधांहून अधिक आहे. त्याचप्रमाणे अर्धशिशीसाठी किंवा मज्जातंतूंच्या वेदनांसाठी दुसऱ्याच डॉक्टरांनी लिहिलेले अमिट्रिप्टिलिन कित्येक वर्षे निमूटपणे चालू असते.

आहाराविषयी पथ्यांची जंत्री देणे मी टाळतो, कारण खिन्न मनाच्या माणसाच्या हाती बारा नियमांचा कागद देणे म्हणजे त्यास अपयशाची बारा निमित्ते पुरविणे होय. औषधाने वाढलेली भूक ही इच्छाशक्तीच्या दुर्बलतेने वाढलेली नसते. ती शरीरातून उठते, आणि तिच्याशी तत्त्वाने नव्हे, तजविजीने वागावे लागते. मिर्टाझापिन घेणारे कित्येक जण सांगतात की, गोळी घेतल्यापासून झोप लागेपर्यंतच्या तासा-दीड तासात खाखा सुटते, आणि डब्यातील फरसाण, खारी, बिस्किटे नकळत संपतात. अशा वेळी जेवण आणि गोळी यांची वेळ डॉक्टरांस विचारून जुळवून घ्यावी, गोळीनंतर लगेच अंथरुणावर जावे, आणि ते डबे घरात भरून ठेवू नयेत. हे शेवटचे काम एकट्या रुग्णाचे नाही, सबंध घराचे आहे. तोंडाच्या कोरडीवर पाणी, बिनसाखरेचे ताक, बडीशेप, वेलदोडा पुरतात. वजन उतरावे म्हणून उपवास धरणाऱ्यांनी साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे लाडू आणि बटाट्याचा कीस यांचा हिशेब एकदा मांडून पाहावा. शिवाय दिवसभर उपाशी राहून रात्री औषध घेणाऱ्याची भूक दुप्पट वेगाने परतते. त्यापेक्षा भाकरी, उसळ, पालेभाजी, डाळ असे आपल्या घरचे साधे जेवण तिन्ही त्रिकाळ नियमितपणे घेणे अधिक हितावह. या आहाराचा लाभ केवळ कमरेस होतो असे नाही. २०१७ साली ऑस्ट्रेलियात फेलिस जॅका यांनी ६७ रुग्णांवर केलेल्या चाचणीत भाज्या, फळे, कडधान्ये, मासे यांवर भर देणाऱ्या आहाराने बारा आठवड्यांत ३२ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर पडले, तर केवळ गप्पागोष्टींची सोबत मिळालेल्या गटात ८ टक्केच; चाचणी लहान होती, पण तिने दाखविलेली दिशा आशादायक आहे.

चालण्याविषयीही असेच म्हणता येईल. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात १९९९ साली १५६ प्रौढ आणि वृद्ध रुग्णांवर झालेल्या प्रयोगात, सोळा आठवड्यांच्या नियमित व्यायामाने नैराश्यात पडलेला उतार सर्ट्रालिनने पडलेल्या उताराच्या तोडीचा ठरला. यावरून औषधे टाकून चालावयास लागावे, असा अर्थ कोणी काढू नये. तीव्र आजारात माणसास दाराबाहेर पाऊल टाकणेही पर्वतप्राय होते, आणि त्या अवस्थेत ‘जरा फिरून ये, बरे वाटेल’ हा उपदेश क्रूरच ठरतो. परंतु औषधाने जरा उभारी आली, की तिचा पहिला विनियोग चालण्याकडे व्हावा, सोबतीला घरचे कोणी असावे, आणि आरंभ जेवणानंतरच्या शतपावलीने झाला तरी त्यास कमी लेखू नये.

इतके करूनही वजन चढतच राहिले, तर औषध बदलण्याचा विचार डॉक्टरांसमोर मांडण्यास हरकत नाही. पहिल्या महिना-दोन महिन्यांतच वाढ ठळकपणे दिसू लागली, तर ती पुढेही चालू राहण्याचा संभव असतो. म्हणून सहा महिने वाट पाहत बसणे श्रेयस्कर नाही. बदल मात्र जुन्याची मात्रा उतरवीत आणि नव्याची चढवीत, काही आठवड्यांच्या मुदतीत, देखरेखीखालीच व्हावा. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या औषधाची मदत घेतली जाते, परंतु तिचा भक्कम आधार ओलान्झापिनसारख्या औषधांनी वाढलेल्या वजनापुरता आहे. नैराश्यावरील औषधांच्या बाबतीत तितका पुरावा नाही. २०२५ साली भारतात मौंजारो आणि वेगोव्ही ही वजन उतरविणारी इंजेक्शने उपलब्ध झाल्यापासून त्यांच्याविषयीची विचारणा फार वाढली आहे. त्यांची परिणामकारकता निर्विवाद आहे. तथापि ती बंद केल्यावर वजन बऱ्याच अंशी परतते, मळमळ आणि वांत्यांमुळे नित्याच्या गोळ्या पोटात टिकण्याचीही अडचण होऊ शकते, आणि ती बाजारात आली त्या वेळी त्यांचा खर्च मध्यम स्थितीच्या कुटुंबास सोसणारा नव्हता. मनोविकारतज्ज्ञ आणि मधुमेहतज्ज्ञ या दोघांच्या परस्पर विचाराने, निवडक रुग्णांत, त्यांचा वापर व्हावा. औषधाच्या दुकानातून परस्पर आणून मुळीच होऊ नये.

याहून अवघड प्रश्न आहे तो लोकांच्या बोलण्याचा. हळदीकुंकवास किंवा बारशास गेलेल्या सुनेस ‘बरीच की गं अंगाने भरलीस’ असे चारचौघांत म्हटले जाते, तरुण मुलास ‘काय, सासुरवाडीचे तूप का?’ असे विचारले जाते, आणि म्हणणाऱ्याच्या मनात बहुधा काही वावगे नसते. पण ज्यास उत्तर देता येत नाही, कारण उत्तर दिले तर औषधाची गोष्ट सांगावी लागेल, त्याच्या मनात ते बोलणे कित्येक दिवस सलत राहते. विवाहयोग्य मुलींच्या बाबतीत तर आईवडीलच डॉक्टरांकडे धाव घेऊन ‘स्थळे येताहेत, तेवढ्यापुरत्या गोळ्या थांबवा’ अशी गळ घालतात. ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे, त्यांनी त्याच्या ताटाकडे आणि कमरेकडे पाहून काहीही न बोलण्याचा नियम स्वतःपुरता तरी पाळावा, आणि बाहेरच्यांनी विषय काढलाच, तर तो आपल्या अंगावर घ्यावा. ‘वहिनींची तब्येत आता चांगली आहे’ एवढे एक वाक्य नणंदेने वेळेवर उच्चारले, तरी पुष्कळ काम होते.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोविकाराच्या रुग्णास शारीरिक व्याधींच्या रुग्णांच्या बरोबरीने वागविले जाण्याचा हक्क दिला आहे, आणि उपचारांचे संभाव्य दुष्परिणाम जाणून घेणे हाही त्याच्या हक्कांचा भाग आहे. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या दवाखान्यात गेलेल्या माणसाचे वजन केसपेपरवर चढविल्याशिवाय त्यास डॉक्टरांकडे सोडत नाहीत. मनोविकारांच्या बाह्यरुग्ण विभागांत मात्र वजनाचा काटा आणि मोजपट्टी असतेच असे नाही, आणि असली तरी ती वापरण्याचा शिरस्ता नसतो. जिल्हा रुग्णालयांपासून खाजगी दवाखान्यांपर्यंत सर्वत्र पहिल्या भेटीत वजन, कमरेचा घेर, रक्तदाब आणि शक्य तेथे रक्तातील साखर यांची नोंद व्हावी. पहिले तीन महिने दरमहा, आणि पुढे औषध चालू असेतोवर दर तीन महिन्यांनी वजन व कंबर पुन्हा मोजावी. आणि मूळच्या पाच टक्क्यांची मर्यादा ओलांडली गेली, की रुग्णाने काढण्याची वाट न पाहता डॉक्टरांनीच तो विषय काढावा. यास नव्या यंत्रांची किंवा मोठ्या खर्चाची गरज नाही. एक काटा, एक फीत आणि केसपेपरवरील दोन ओळी एवढ्यावर हे काम उद्यापासून सुरू होऊ शकते, आणि जेथे ते होत नाही, तेथे रुग्णाने किंवा त्याच्या सोबत आलेल्या माणसाने ‘आधी वजन करा’ असे स्वतःहून सांगावे.